कडा चढायचा, पण आधी कागदावर

पाचशे फुटांचा कडा, दोन माणसे आणि त्यांना जोडणारा एक दोर. अशी चढाई सुखरूप पार पडेल की नाही, हे पुष्कळदा आदल्या रात्री कागदावर मांडलेल्या हिशेबातच ठरून जाते. हा हिशेब चढणाऱ्यांनी तर करायचाच, पण घरच्यांनाही तो ठाऊक हवा.

‘‘आई, येत्या रविवारी आम्ही दोघी कडा चढायला जातोय. काळजी करू नकोस, दोर असतो ना!’’ मुलीचे हे वाक्य ऐकून किती आयांच्या हातातले काम थांबले असेल! एके काळी मुले ट्रेकिंगला जातात एवढेच घरच्यांना माहीत असे. आता शहरोशहरी कृत्रिम भिंतींवर चढाईचे वर्ग चालतात आणि तिथे हात बसला की मुलामुलींना खऱ्या खडकाची ओढ लागते. त्यांना अडवावे तर मन मोडते आणि जाऊ द्यावे तर जीव टांगणीला लागतो. अशा वेळी आईवडिलांनी नेमके विचारायचे तरी काय?

याचे उत्तर मिळवण्यासाठी एका प्रसिद्ध मार्गाची गोष्ट जाणून घेणे उपयोगी ठरेल. गंमत म्हणजे ही गोष्टही एका नवरा-बायकोचीच आहे.

हातोडीविना चढाई

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे ग्रॅनाइटच्या कड्यांनी वेढलेले एक खोरे आहे. तिथे ‘एल कॅपिटन’ या जगप्रसिद्ध महाकाय कड्याच्या शेजारी एक धाकटा कडा उभा आहे. त्याचे नाव ऐकून हसू येईल, ‘मॅन्युअर पाइल’ म्हणजे चक्क खताचा ढीग! 1967 साली रॉयल रॉबिन्स आणि त्यांची पत्नी लिझ यांनी या कड्यावर एक नवा मार्ग शोधला. मार्गाचे नाव ‘नटक्रॅकर’, म्हणजे अडकित्ता.

रॉयल रॉबिन्स हे काही नवखे नव्हते. 1957 साली ‘हाफ डोम’ या शिखराचा वायव्येकडचा सरळसोट कडा प्रथम चढणाऱ्या तिघांपैकी ते एक. लिझ यांनीही 1967 सालीच पतीबरोबर तो कडा सर केला आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्या मानाने ‘नटक्रॅकर’ हा मध्यम प्रतीचा मार्ग. उंची सुमारे पाचशे फूट, चढाईचे टप्पे पाच. मग त्याचे एवढे कौतुक कशासाठी?

कौतुक यासाठी की, या जोडप्याने हातोडीचा एकही घाव न घालता हा मार्ग पार केला. तोवर अमेरिकेत कडा चढायचा तर खडकाच्या भेगेत पोलादी खिळे ठोकायचे आणि त्यांत दोर अडकवत वर जायचे, अशी रीत होती. मागून येणारा तेच खिळे पुन्हा ठोकून काढी. वर्षानुवर्षे ही ठोकाठोक चालल्याने भेगांची भोके झाली आणि कड्यांवर कायमचे व्रण पडले.

ब्रिटनमध्ये मात्र वेगळी पद्धत रुजली होती. तिथले आरोहक आधी नैसर्गिक दगडगोटेच भेगेत अडकवत आणि त्यांना दोरीचा फास लावत. पुढे वेल्समधल्या एका कड्याकडे आगगाडीच्या रुळांच्या कडेने जाताना पडलेले लोखंडी नट त्यांनी उचलले, त्यांच्या आतले आटे घासून टाकले, त्यातून दोरी ओवली आणि ते भेगेत बसवले, असे सांगतात. रॉबिन्स 1966 साली ब्रिटनला गेले, तेव्हा ही युक्ती त्यांना फार आवडली. पुढच्याच वर्षी ‘नटक्रॅकर’वर त्यांनी ती सिद्ध करून दाखवली. 1972 साली तर खिळे बनवून विकणाऱ्या य्व्हॉन शुईनार्ड यांनी स्वतःच्याच मालाच्या सूचिपत्रात आरोहकांना खिळे सोडून नट वापरण्याचे आवाहन केले! 1978 साली ‘फ्रेंड’ नावाचे, स्प्रिंगवर मिटणारे-उघडणारे साधन बाजारात आले आणि समांतर कडांच्या भेगांतही आधार घेणे सोपे झाले.

या पद्धतीला पारंपरिक चढाई म्हणतात. पहिला आरोहक आपला आधार स्वतः बसवत जातो आणि मागचा तो काढून घेत वर येतो. खडकावर मागे काही उरत नाही. मात्र यात एक मोठी जबाबदारी दडलेली आहे. आधार कुठे, किती आणि कसा, हे सांगायला तिथे कोणीही नसते. म्हणूनच या चढाईचा बेत घरी बसून, डोके शांत असताना करावा लागतो.

आपली पत ओळखा

पहिला प्रश्न मार्ग कोणता निवडायचा हा. अमेरिकेतील पद्धतीनुसार दोराने चढायच्या मार्गांना 5.0 पासून पुढे काठिण्याचे अंक दिलेले असतात. ‘नटक्रॅकर’चा अंक आहे 5.8. तोल आणि पायांवरचा विश्वास असेल तर हौशी आरोहकालाही तो जमण्याजोगा आहे.

पण इथेच पुष्कळांची फसगत होते. शहरातल्या भिंतीवर 5.10 चढणाऱ्या तरुणाला वाटते की, 5.8 म्हणजे डाव्या हातचा मळ. भिंतीवर आधार आधीच बसवलेले असतात, खाली गादी असते आणि दमले की उतरता येते. कड्यावर एका हाताने खडक धरून दुसऱ्या हाताने नट शोधायचा, तो भेगेत बसवायचा, ओढून बघायचा आणि मग दोर अडकवायचा. तोवर पोटऱ्या थरथरू लागतात. म्हणून जाणते आरोहक पहिल्या बहुटप्पी चढाईसाठी आपल्या कुवतीपेक्षा दोन पायऱ्या खालचा मार्ग निवडतात. हात राखून चढणे यालाच म्हणतात.

मार्गाचा नकाशाही नीट वाचावा लागतो. कुठला टप्पा कठीण, उभे राहायला जागा कुठे, भेग कुठे संपते, हे सगळे त्यात असते. ‘नटक्रॅकर’ची खरी परीक्षा शेवटच्या, पाचव्या टप्प्यात आहे. तिथे कठड्यावर तळहात टेकून, पोहण्याच्या तलावातून काठावर चढावे तसे अंग वर घ्यायचे असते. पाय सुटला तर खालच्या खडकावर आदळून घोटा मोडण्याची भीती असते. हे आधी ठाऊक असणारा तिथे पोचण्याआधीच चांगला आधार बसवतो आणि थोडी ताकद राखून ठेवतो.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. दोघांपैकी एकाला काही झाले, तर दुसरा पुढे नेऊ शकेल का? निदान दोघांना खाली तरी आणू शकेल का? उत्तर नाही असेल, तर तो मार्ग अजून आपला नाही.

घड्याळाचे गणित

टप्पा म्हणजे दोराची एक मजल. पहिला आरोहक वर जातो, पक्का आधार बांधतो, दुसऱ्याला वर घेतो. मग साहित्याची देवाणघेवाण होते, दोर सारखा केला जातो आणि पुढची मजल सुरू होते. चढणे वीस मिनिटांचे असले, तरी या सगळ्याला नवख्या जोडीचा एक तास सहज जातो.

आता ‘नटक्रॅकर’चा हिशेब मांडून पाहू. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाच टप्पे म्हणजे पाच तास. मार्ग लोकप्रिय आहे, तेव्हा पुढे एखादी संथ जोडी असणारच. तिच्यासाठी दीड तास धरा. माथ्यावरून मागच्या बाजूने चालत उतरता येते, पण दमलेल्या पायांनी. त्याला एक तास. एकूण झाले साडेसात तास. सकाळी आठला पहिले पाऊल टाकले तर साडेतीनला खाली. अडीच तास हाताशी उरले. अकराला सुरुवात केली तर? साडेसहा वाजतील, म्हणजे अंधारात उतरावे लागेल.

बेत करताना आणखी एक वेळ लिहून ठेवायची, ती परतीची. उदाहरणार्थ, ‘बारा वाजेपर्यंत दुसरा टप्पा संपला नाही, तर परत फिरायचे.’ ही वेळ घरीच ठरवायला हवी, कारण कड्यावर माथा जवळ दिसत असतो आणि जवळ दिसणारा माथा भल्याभल्यांचे डोके फिरवतो. कागदावरची वेळ अशा क्षणी तिसऱ्या, शहाण्या सोबत्याचे काम करते.

गाठोड्यात काय काय?

साहित्याची यादी करताना स्वयंपाकघराचाच नियम लागू होतो. काय शिजवायचे ते ठरल्यावर भांडी काढायची. मार्गात बोटाएवढ्या भेगा असतील तर मोठी साधने नेऊन उपयोग नाही. ‘नटक्रॅकर’सारख्या मार्गासाठी लहानमोठ्या नटांचा एक संच, बोटापासून मुठीपर्यंतच्या भेगांत बसणारे काही फ्रेंड, दहा-बारा पट्ट्या, कुलपाचे कॅराबिनर, नट अडकला तर काढायची चपटी आकडी, 60 मीटरचा लवचीक दोर, कमरेचा हार्नेस आणि दोर रोखून धरायचे साधन एवढे पुरते.

शिरस्त्राण दोघांनाही हवेच. वरच्या जोडीच्या पायाखालून सुटलेला लिंबाएवढा दगडही खालच्याच्या जिवावर बेतू शकतो. याखेरीज माणशी दोन लिटर पाणी, थोडे खाणे, एक हलका वारारोधक कोट, प्रथमोपचाराची पुडी आणि डोक्याला बांधायची विजेरी. ‘आपण दुपारीच परत येणार, विजेरी कशाला?’ असे म्हणणाऱ्यालाच तिची गरज पडते.

सहा मीटर आणि सहा मीटर

आता थोडे शास्त्र, कारण कड्यावरचा सर्वांत महत्त्वाचा नियम त्यावर उभा आहे.

समजा, पुढचा आरोहक मुक्कामाच्या आधारापासून तीन मीटर वर गेला आणि त्याने अजून एकही नट बसवलेला नाही. तो पडला तर तीन मीटर आधारापर्यंत आणि तीन मीटर त्याच्या खाली, असा सहा मीटर पडेल. ते सगळे झेलायला दोर आहे फक्त तीन मीटरचा. दुसऱ्या वेळी तो तीस मीटर दोर सोडून गेला आहे आणि शेवटच्या नटाच्या तीन मीटर वर आहे. आता पडला तरी पडणे साधारण सहा मीटरचेच. पण ते झेलायला तीस मीटर लवचीक दोर आहे, जो रबरासारखा ताणून धक्का पचवतो.

पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी, हे ते गणित. पहिल्या वेळी उत्तर येते दोन, दुसऱ्या वेळी शून्य पूर्णांक दोन. म्हणजे उंच गेल्यावरचे पडणे दिसायला भयंकर असले, तरी मुक्कामातून निघाल्यानिघाल्या पडणे हे खरे घातक. तो सारा धक्का थेट मुक्कामाच्या आधारावर आणि दोर धरणाऱ्यावर येतो. म्हणून बेत करतानाच ठरवायचे की, प्रत्येक टप्पा सुरू झाल्यावर पहिल्या काही पावलांतच एक भक्कम नट बसवायचा, मग चढण कितीही सोपी असो.

मुक्कामाचा आधारही तसाच विचारपूर्वक बांधावा लागतो. किमान तीन साधने, प्रत्येक चांगल्या खडकात. वजन तिन्हींवर वाटले जावे आणि एक निसटले तरी उरलेल्या दोन्हींना हिसका बसू नये, अशी बांधणी. ती घाईत जमत नाही. जमिनीवर, एखाद्या मोठ्या दगडाशी उभे राहून ती पन्नास वेळा करून पाहिलेली असावी.

हाक आणि खूण

पुढचा तीस-चाळीस मीटर वर, मध्ये खडकाचा फुगवटा आणि वारा सुटलेला. वरून आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. खालच्याला वाटते, ‘मी बांधून घेतले, दोर सोड’ असे तो म्हणाला. खरे तर तो म्हणत असतो, ‘अजून थोडा दोर दे.’ आणि खालचा दोर सोडतो! पडणाऱ्याला रोखायला मग कोणी उरत नाही.

उपाय साधा आहे. चढण्यापूर्वी ठरावीक चार-पाच हाकाच ठरवायच्या आणि प्रत्येक हाकेबरोबर सोबत्याचे नाव घ्यायचे. शेजारच्या मार्गावर दुसरी जोडी असेल, तर तीही त्याच हाका मारत असते! आवाज पोचला नाही तर दोराला किती झटके म्हणजे काय, हेही आधीच ठरवावे. आणि शंका असेल तर? दोर सोडायचा नाही. हा नियम दोघांनीही एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवावा.

माघारीचा मार्ग

बहुतेक नवखे चढण्याचा बेत करतात, उतरण्याचा करत नाहीत. ‘नटक्रॅकर’च्या माथ्यावरून चालत उतरता येते, पण माथ्यावर पोचलो तर! पाऊस आला, सोबत्याचा घोटा मुरगळला, परतीची वेळ झाली, तर मधूनच दोराने खाली यावे लागते.

इथे एक छोटे गणित अनेकांना चकवते. खाली आल्यावर दोर ओढून घेता यावा म्हणून तो आधारातून दुहेरी सोडतात. म्हणजे 60 मीटरच्या दोराने एका वेळी फक्त 30 मीटर उतरता येते. चढताना मात्र त्याच दोराने 45 मीटरचा टप्पा केलेला असू शकतो! मग उतरताना 30 मीटरवर लोंबकळत असताना पाय ठेवायला जागाच नसते. म्हणून नकाशात मधल्या कपारी आणि झाडे यांची नोंद घरीच करून ठेवायची, किंवा दुसरा दोर न्यायचा.

उतरताना दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारायलाच हवी. टोक संपल्याचे न कळल्याने सरळ दोराबाहेर घसरलेल्या आरोहकांत मोठे अनुभवी लोकही आहेत. आणि माघारीच्या वेळी एक-दोन महागडे नट कड्यावरच सोडून द्यावे लागले, तर द्यावेत. तिथे पैशांचा विचार करून कच्च्या आधाराला लटकणे म्हणजे दमडीसाठी जीव गहाण टाकणे.

आपला सह्याद्री वेगळा

योसेमिटीची ही रीत जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही. ग्रॅनाइटमधल्या भेगा लांब आणि घट्ट असतात. सह्याद्री बसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. कातळाच्या एका पट्ट्यानंतर मुरमाड माती आणि गवताचा घसारा, त्यावर पुन्हा कातळ. भेग घट्ट दिसली तरी तिची एक बाजू हलती निघू शकते. म्हणून तैलबैल्याच्या भिंती, लिंगाणा किंवा जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका अशा ठिकाणी आरोहकांनी खिळे आणि बोल्ट यांचाही आधार घेतला आहे. जुना गंजलेला खिळा आयता मिळाला म्हणून त्यावर भार टाकणे मात्र धोक्याचे. तो कोणी, कधी ठोकला हे आपल्याला ठाऊक नसते.

आपल्या कड्यांवर आणखी एक पाहुणे असतात, आग्या मधमाश्या. पोळे कोणत्या बाजूला आहे हे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय चढाई ठरवू नये. अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. पावसाळ्यात निसरड्या कातळावर जाऊ नये आणि मार्चनंतरच्या उन्हात दुपार कड्यावर काढू नये. पाऊस ओसरल्यानंतरची हिवाळ्याची थंडी हाच खरा हंगाम.

शिकायचे कुठे? पुस्तक वाचून किंवा चित्रफीत बघून कडा चढता येत नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट 1954 साली आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंग 1965 साली सुरू झाली. त्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात प्रस्तरारोहणही शिकवतात. मुंबई-पुण्यात जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत. तिथे जाणत्यांच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चढत, त्यांनी बसवलेले नट काढत काढतच हात तयार होतो.

घरच्यांनी विचारावेत असे सहा प्रश्न

मुलगा किंवा मुलगी चढाईला निघाली की, ‘जाऊच नको’ म्हणण्यापेक्षा शांतपणे बसवून पुढील प्रश्न विचारावेत.

1. मार्गाचे नाव काय, टप्पे किती आणि याहून कठीण मार्ग तू आधी चढला आहेस का?

2. सोबत कोण आहे? तुला काही झाले तर त्याला तुला खाली आणता येते का?

3. चढाई किती वाजता सुरू होणार आणि परतीची वेळ कोणती ठरली आहे?

4. मधूनच उतरावे लागले तर कसे उतरणार? दोर पुरेल का?

5. शिरस्त्राण आणि विजेरी पिशवीत ठेवली का? दाखव बरे!

6. खाली आल्यावर फोन किती वाजेपर्यंत येईल? नाही आला तर आम्ही कोणाला कळवायचे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मार्गाचे नाव, सोबत्याचा फोन, गाडीचा क्रमांक आणि जवळच्या गावातल्या माहीतगाराचा क्रमांक असलेला एक कागद घरी असायलाच हवा. कड्यावर अनेकदा फोन लागत नाही. अशा वेळी मदत किती लवकर निघेल, हे त्या कागदावर अवलंबून असते.

या सहा प्रश्नांची उत्तरे झटकन आणि सरळ मिळाली, तर समजावे की पोराने अभ्यास केला आहे. उत्तरे देताना तो अडखळला किंवा चिडला, तर बेत एक रविवार पुढे ढकलायला सांगावे. कडा कुठे पळून जात नाही.

रॉयल रॉबिन्स 2017 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. ‘नटक्रॅकर’ आजही तिथेच आहे आणि दरवर्षी कितीतरी जोड्या सकाळी लवकर येऊन त्याच्या पायथ्याशी आपली पाळी येण्याची वाट बघतात. त्यातली एखादी जोडी आभाळ भरून आले म्हणून दुसऱ्या टप्प्यावरून मागे फिरते, दोर गुंडाळते आणि गाडीत बसून घरी फोन करते, ‘‘आज नाही जमले. येतोय.’’ घरी वाट बघणाऱ्यांना त्या फोनपेक्षा आणखी काय हवे असते?